राजाबाजारातलं विज्ञान : कलकत्ता विद्यापीठाची दोन दशकं

मुंबई विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला, त्या प्रेमचंद रायचंद यांनी कलकत्ता विद्यापीठालाही दोन लाख रुपये दिले होते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. साल १८६६. कापसाच्या आणि शेअरच्या तेजीत कमावलेला हा मुंबईचा पैसा. मुंबईत त्याचं ग्रंथालय आणि मनोरा झाला. कलकत्त्यात त्या रकमेच्या व्याजातून एक शिष्यवृत्ती निघाली. एम.ए. झालेल्या हुशार मुलांमधून अवघड परीक्षा घेऊन एखाद्याची निवड करायची आणि त्याला पुढच्या अभ्यासासाठी काही वर्षं चिंतामुक्त ठेवायचं, अशी ही योजना. पुढे पाऊणशे वर्षं बंगालमधल्या विद्वानांच्या नावापुढे ‘प्रेमचंद रायचंद स्कॉलर’ ही अक्षरं मोठ्या मानाने लागत राहिली. १८८६ मध्ये ती बावीस वर्षांच्या आशुतोष मुखर्जींच्या नावापुढे लागली, आणि या लेखाची हकिकत तिथून सुरू होते.

त्या वेळचं कलकत्ता विद्यापीठ म्हणजे परीक्षा घेणारं एक मोठं कार्यालय होतं. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या तेव्हाच्या धर्तीवर निघाली. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम ठरवायचा, पेपर काढायचे, पदव्या वाटायच्या. टागोर कायदा व्याख्यानांसारखा एखादा अपवाद सोडला तर विद्यापीठाला स्वतःचे प्राध्यापक नव्हते. प्रयोगशाळा तर नव्हतीच. नवं ज्ञान निर्माण करणं हे आपलं काम आहे, असं ते विद्यापीठ मानतच नव्हतं. त्याच्या कारभारात त्या कामासाठी खातंही नव्हतं.

आशुतोषबाबूंना गणितज्ञ व्हायचं होतं. विद्यार्थिदशेतच त्यांचे निबंध इंग्लंडच्या गणिताच्या नियतकालिकांत छापून येत होते. शिक्षण खात्यात नोकरी मिळण्यासारखी होती, पण गोऱ्या प्राध्यापकाच्या बरोबरीचा दर्जा मिळणार नव्हता, आणि त्याहून कमी दर्जा त्यांना मान्य नव्हता. विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू गुरुदास बॅनर्जी यांनी त्यांच्यासाठी संशोधनाचं एखादं पद निर्माण करता येईल का, म्हणून खटपट केली. तेवढा निधी उभा राहिला नाही. आशुतोष वकिलीत स्थिरावले, १९०४ मध्ये कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, आणि गणित मागे पडलं. एका माणसासाठी एक पद नव्हतं म्हणून देशाने एक गणितज्ञ गमावला. पुढे या माणसाने विद्यापीठात पदांमागून पदं उभी केली. त्यामागे ही जखम होती असं मला वाटतं, आणि त्यांची पुढली सारी कारकीर्द पाहिली की ते पटत जातं.

१९०४ मध्येच कर्झनसाहेबांचा विद्यापीठ कायदा आला. आपल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात त्याला कडाडून विरोध केला होता. सिनेटमधलं लोकांचं बळ कमी करून विद्यापीठं सरकारच्या मुठीत ठेवायचा हा डाव आहे, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. आशुतोषही त्या वेळी कायदेमंडळात होते आणि विधेयकातल्या बऱ्याच गोष्टींवर त्यांनीही टीका केली होती. पण कायदा एकदा झाल्यावर त्यातली एक तरतूद त्यांच्या नजरेने अचूक हेरली. विद्यापीठांना स्वतःचे प्राध्यापक नेमण्याची, ग्रंथालयं आणि प्रयोगशाळा उभारण्याची मुभा आता मिळाली होती. कर्झनने कायदा आणला लगाम घालायला. त्यातल्याच एका कलमावर आशुतोषांनी पुढची दोन दशकं रचली. १९०६ मध्ये ते कुलगुरू झाले आणि दोन-दोन वर्षांच्या चार मुदती, १९१४ पर्यंत, त्या जागेवर राहिले. दिवसा हायकोर्टात निवाडे द्यायचे, सकाळ-संध्याकाळ विद्यापीठ पाहायचं. विद्यापीठाचं हे सगळं काम बिनपगारी.

मुभा मिळाली म्हणून पैसा येतो असं नाही. सरकारने प्राध्यापकपदं दिली ती मोजकीच, आणि विज्ञानासाठी तर हात फारच आखडता घेतला. तो पैसा दिला कलकत्त्याच्या दोन वकिलांनी. तारकनाथ पालित हे बॅरिस्टर. स्वदेशीच्या लाटेत देशी तंत्रशिक्षणाच्या संस्थेच्या पाठीशी उभे राहिलेले. १९१२ मध्ये त्यांनी जमीन आणि रोकड मिळून सुमारे पंधरा लाखांची मालमत्ता विद्यापीठाच्या हवाली केली. दुसऱ्या वर्षी रासबिहारी घोष यांनी दहा लाख दिले आणि पुढेही देत राहिले. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्या संदर्भात आठवेल. १९०७ च्या सुरत काँग्रेसचे अध्यक्ष ते हेच. टिळक व्यासपीठावर चढले, मंडपात हाणामारी झाली, काँग्रेस दुभंगली, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत घोषबाबू होते. राजकारणात ते नेमस्त. पण देणगीपत्रातली त्यांची एक अट जहालांनाही शोभली असती. त्यांच्या आणि पालितांच्या देणगीतून निघणाऱ्या प्राध्यापकपदांवर भारतीयाचीच नेमणूक व्हायला हवी होती.

या अटीमागचा अनुभव ताजा होता. एडिंबराची डी.एस्सी. घेऊन आलेल्या प्रफुल्लचंद्र राय यांना प्रेसिडेन्सी कॉलेजात दुय्यम श्रेणीत काम करावं लागलं. जगदीशचंद्र बोस यांनी गोऱ्यांपेक्षा कमी ठरवलेला पगार तीन वर्षं हातात घेतला नाही. भारतीय माणूस तत्त्वज्ञान सांगेल, काव्य करील, पण काटेकोर विज्ञान हा त्याचा प्रांत नव्हे, असं सरकारी वर्तुळात उघड बोललं जायचं. त्या बोलण्याला उत्तर म्हणून २७ मार्च १९१४ रोजी अप्पर सर्क्युलर रोडवर, राजाबाजार भागात, सायन्स कॉलेजची कोनशिला बसली. कुलगुरुपदाची मुदत संपायला आशुतोषांना तेव्हा जेमतेम काही दिवस उरले होते.

माणसं निवडताना आशुतोषांनी जी दृष्टी दाखवली, तिचं मोल इमारतीहून आणि देणग्यांहूनही अधिक आहे. रसायनशास्त्राचं पालित प्राध्यापकपद राय यांना देण्यात धाडस नव्हतं. त्यांचं नाव झालेलंच होतं. ते सरकारी नोकरीतून मोकळे होऊन १९१६ मध्ये रुजू झाले आणि सायन्स कॉलेजच्याच एका खोलीत राहायला आले. अखेरपर्यंत, म्हणजे १९४४ पर्यंत, तीच त्यांची खोली. भौतिकशास्त्राच्या पालित पदासाठी मात्र आशुतोषांनी निवडलं ते अर्थखात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याला. चंद्रशेखर वेंकट रामन १९०७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, साहाय्यक अकौंटंट जनरल म्हणून कलकत्त्यात आले होते. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेली विज्ञानसंस्था बहूबाजार रस्त्यावर २१० क्रमांकाच्या इमारतीत होती आणि जवळजवळ ओस पडलेली होती. रामन कचेरीच्या आधी आणि कचेरी सुटल्यावर तिथे जाऊन व्हायोलिनच्या तारांची कंपनं मोजत बसत. त्यातून निघालेले निबंध लंडन-अमेरिकेच्या नियतकालिकांत येत होते. परदेशी पदवी नाही, डॉक्टरेट नाही, प्राध्यापकीचा अनुभव नाही.

आणि नियमात अट होती की नेमलेल्या प्राध्यापकाने परदेशात प्रशिक्षण घेऊन यावं. रामन यांनी साफ नकार दिला. शिकण्यासाठी परदेशी जाण्याची आपल्याला गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या एखाद्या संस्थेत प्रकरण तिथेच मिटलं असतं. आशुतोषांनी त्यांच्यापुरती अट बाजूला ठेवायला लावली. १९१७ मध्ये रामन भरपगाराची सरकारी नोकरी सोडून सुमारे निम्म्या पगारावर विद्यापीठात आले. नियम माणसासाठी वाकवायचा की माणूस नियमासाठी, हा प्रश्न आजही निवड समित्यांपुढे रोज येतो, आणि बहुतेक वेळा माणूसच वाकतो. इथे उलटं झालं आणि तेरा वर्षांनी त्याचं फळ साऱ्या जगाने पाहिलं.

घोष प्राध्यापकपदांमधलं एक नाव आपल्या मालवणचं आहे. शंकर पुरुषोत्तम आघारकर, जन्म १८८४. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकलेले. सह्याद्रीत नमुने गोळा करत हिंडताना गोड्या पाण्यातला एक जेलीफिश त्यांच्या हाती लागला. असा प्राणी भारतात असल्याचं तोवर कुणी नोंदवलेलं नव्हतं. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या नेल्सन ॲनंडेल यांनी १९११ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि प्राणिशास्त्रज्ञांत त्याची बरीच चर्चा झाली. या माणसाला आशुतोषांनी वनस्पतिशास्त्राच्या घोष प्राध्यापकपदावर बसवलं. कोकणातला माणूस, मुंबईत शिकलेला; बंगालमधले जाणकार काय कमी होते? पण आशुतोषांनी प्रांत पाहिलाच नाही. रामन तमिळ, गणिताचे गणेश प्रसाद बलियाचे, आघारकर मराठी. ‘भारतीयच हवा’ ही अट त्यांनी खरोखर भारतभर लावली.

आघारकर १९१४ मध्ये पुढल्या अभ्यासासाठी जर्मनीत पोहोचले, आणि लगेच महायुद्ध पेटलं. ब्रिटिश प्रजाजन म्हणून ते शत्रुपक्षाचे ठरले. काही काळ स्थानबद्धतेत गेला आणि मायदेशी परतायची वाट बंद झाली. भौतिकशास्त्राचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही तसेच बर्लिनमध्ये अडकले. दोघांनी तो काळ वाया जाऊ दिला नाही. आघारकरांनी अडॉल्फ एंग्लर या नामवंत वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाताखाली वायव्य भारतातल्या रुक्ष प्रदेशांत वाढणाऱ्या वनस्पतींवर प्रबंध लिहिला. त्या वनस्पतींचं मूळ कुठलं आणि त्यांच्या बिया कशा पसरल्या, हा त्याचा विषय. १९१९ मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते परतीच्या वाटेला लागले. कलकत्त्यात विद्यापीठाने त्यांची जागा इतकी वर्षं राखून ठेवली होती.

इकडे राजाबाजारात इमारत उभी, पण दोन घोष प्राध्यापक जर्मनीत अडकलेले. एम.एस्सी.चे वर्ग १९१६ मध्ये सुरू करायचे तर शिकवणार कोण? सत्येंद्रनाथ बोस यांनी पुढे सांगितलेली आठवण इथे जशीच्या तशी बसते. बोस, मेघनाद साहा आणि शैलेन घोष हे तीन नुकते एम.एस्सी. झालेले तरुण भवानीपूरच्या आशुतोषांच्या घरी गेले. गोल जिना चढून वर पुस्तकांनी खचाखच भरलेल्या खोलीत त्यांना भेटले. जगभर जे नवं भौतिकशास्त्र येतंय ते इथे शिकवलं जायला हवं, असं म्हणाले. तुम्ही काय शिकवू शकाल, असं आशुतोषांनी विचारलं. तुम्ही सांगाल ते शिकवू, असं मुलांनी उत्तर दिलं. आशुतोष हसले आणि तिघांना दरमहा १२५ रुपयांची अभ्यासवृत्ती देऊन तयारीला लागायला सांगितलं. साहांकडे क्वांटम सिद्धांत, बोसांकडे सापेक्षता. त्यातले शैलेन घोष क्रांतिकारकांशी असलेल्या संबंधांमुळे पोलिसांच्या नजरेत आले आणि अमेरिकेला निसटले. उरलेले दोघे विशीतले होते. जे स्वतःही अजून नीट शिकलेले नाहीत, ते दुसऱ्यांना शिकवणार, या कल्पनेवर आशुतोषांनी विद्यापीठाचा नवा विभाग सोपवला.

पुस्तकं कुठून आणायची हा खरा प्रश्न होता. नवं भौतिकशास्त्र जर्मनमध्ये लिहिलं जात होतं आणि युद्धामुळे जर्मन पुस्तकं बंदरात येत नव्हती. शिबपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पॉल ब्र्यूल नावाचे जर्मन वंशाचे एक प्राध्यापक होते. ते मूळचे वनस्पतींचे अभ्यासक, तब्येतीमुळे भारतात येऊन स्थायिक झालेले. त्यांच्या खासगी संग्रहात प्लांक, बोल्ट्झमन यांची पुस्तकं होती. बोस ती उसनी आणत. साहा ढाक्याला असताना जर्मन शिकले होते, बोस ती भाषा शिकत होते. वाचता वाचता दोघांनी आइन्स्टाइनचे सापेक्षतेवरचे मूळ निबंध आणि मिंकोव्स्कीचा निबंध इंग्रजीत उतरवले. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी त्याला ऐतिहासिक प्रस्तावना लिहिली आणि १९२० मध्ये कलकत्ता विद्यापीठाने ते पुस्तक छापलं. आइन्स्टाइनच्या या निबंधांचं पुस्तकरूपात इंग्रजी भाषांतर जगात प्रथम निघालं ते इथून. त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर १९१९ मध्ये, सूर्यग्रहणाच्या निरीक्षणांतून आइन्स्टाइनचं भाकीत खरं ठरल्याची तार आली, तेव्हा ‘स्टेट्समन’ वर्तमानपत्राला त्याचा अर्थ उलगडून सांगायला कलकत्त्यात साहाच सापडले होते.

साहांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. ढाक्याजवळच्या शेवडातली गावातल्या किराणा दुकानदाराचा हा मुलगा. सुरुवातीला गणित विभागात नेमणूक झाली, पण गणेश प्रसादांशी पटेना, म्हणून भौतिकशास्त्रात आले. प्रकाशाचा दाब अणूंवर निवडक रीतीने कसा काम करतो, यावर त्यांनी एक मोठा निबंध लिहून अमेरिकेच्या ‘ॲस्ट्रोफिजिकल जर्नल’कडे पाठवला. संपादकांकडून कळलं, निबंध लांब आहे, छपाईच्या खर्चाचा काही भाग लेखकाने सोसला तर छापू. साहांचा पगार तो काय, आणि त्यावर घरच्या माणसांचा भार. पैसे भरता आले नाहीत. अमेरिकेत त्याची छोटी टिपणी तेवढी आली. पूर्ण निबंध कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान विभागाच्या स्वतःच्या नियतकालिकात छापला गेला. परदेशात ते नियतकालिक वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साहांना ही गोष्ट पुढे अनेक वर्षं सलत राहिली, आणि आज आपण ज्याला आंतरराष्ट्रीय मानांकन म्हणतो त्याची दुसरी बाजू इथे उघडी पडते. काम झालेलं असतं; ते योग्य जागी वाचलं जाण्यासाठी लागणारी रक्कम नसते.

पण १९२० चा निबंध कुणाला दुर्लक्षिता आला नाही. सूर्याच्या बाह्य आवरणात कॅल्शियमच्या विशिष्ट रेषा इतक्या उंचावर का दिसतात, हे कोडं खगोलशास्त्रज्ञांना बरीच वर्षं छळत होतं. साहांनी त्याकडे रसायनशास्त्रज्ञाच्या नजरेने पाहिलं. तापमान वाढलं की रेणू जसे फुटतात, तसाच अणूतून इलेक्ट्रॉन निघतो असं धरा. मग दाब जितका कमी तितकं हे निघणं सोपं. वरच्या विरळ थरात कॅल्शियमचे अणू एकेक इलेक्ट्रॉन गमावलेले असणार, म्हणून त्यांच्या रेषा तिथे ठळक. या एका समीकरणाने ताऱ्याच्या वर्णपटावरून त्याचं तापमान काढता येऊ लागलं. ताऱ्यांची वर्णपटांवरून केलेली जुनी वर्गवारी आता भौतिकशास्त्राच्या पायावर उभी राहिली. प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांनी ते सूत्र पुढे नेलं. हार्वर्डमध्ये सेसिलिया पेन यांनी त्याच सूत्राच्या आधारे १९२५ च्या प्रबंधात तारे मुख्यतः हायड्रोजनचे असल्याचं गणित मांडलं. साहा तो निबंध प्रसिद्ध होईतो युरोपात पोहोचले होते आणि लंडनमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत काम करत होते. त्या प्रवासाला प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचा आधार होता. कल्पना मात्र आपल्याला कलकत्त्यातच सुचली, हे त्यांनी नेहमी ठासून सांगितलं.

विज्ञानाच्या या गोष्टीत वाङ्मय शाखा झाकली जाते, ते बरं नाही. १९१७ मध्ये पदव्युत्तर शिक्षण कॉलेजांकडून काढून विद्यापीठाने स्वतःच्या हाती घेतलं, वाङ्मय आणि विज्ञान अशा दोन परिषदा नेमल्या. त्याच वर्षी प्राचीन भारतीय इतिहासाचं कारमायकेल प्राध्यापकपद मिळालं देवदत्त रामकृष्ण भांडारकरांना. सर रामकृष्णपंतांचे हे चिरंजीव पुण्यात पुरातत्त्व खात्यात होते, बेसनगरचं उत्खनन त्यांनीच केलं होतं. पुढली एकोणीस वर्षं ते कलकत्त्यात शिकवत राहिले. अशोकावरचं त्यांचं पुस्तक तिथल्याच व्याख्यानांतून निघालं. सर्वपल्ली राधाकृष्णन १९२१ मध्ये म्हैसूरहून आले. सुनीतिकुमार चॅटर्जींचा बंगालीच्या उत्पत्तीवरचा महाग्रंथ विद्यापीठाने १९२६ मध्ये छापला. भारतीय भाषांमध्ये एम.ए.ची सोय १९१९ मध्ये झाली. परदेशांतून व्याख्यात्यांना बोलावण्याचा परिपाठ तर त्याआधीपासूनचा. केंब्रिजचे गणितज्ञ फोर्सिथ १९१३ मध्ये येऊन शिकवून गेले, पाठोपाठ बॉनचे संस्कृत पंडित हर्मान याकोबी. आपल्याकडे मुंबई विद्यापीठात पॅट्रिक गेडिस यांच्या हाती समाजशास्त्राचा विभाग आला तो १९१९ मध्ये, आणि रसायन तंत्रज्ञानाचा विभाग निघायला १९३३ उजाडलं. प्रेमचंदांचा पैसा तर दोन्हीकडे गेला होता.

या सगळ्याचा खर्च कसा भागत होता, हे विचारायलाच हवं. देणग्यांचं व्याज थोड्या पदांपुरतं. पदव्युत्तर विभागांचा मोठा भार मॅट्रिक आणि इतर परीक्षांच्या फीवर होता. जितकी मुलं परीक्षेला बसतील आणि पुढे जातील तितकी फी. म्हणजे खालच्या परीक्षा सैल ठेवण्याचा मोह वाढणार. यावर सगळ्यात तिखट टीका केली जदुनाथ सरकारांनी, ‘मॉडर्न रिव्ह्यू’च्या पानांवर. शिवचरित्राचे लेखक आणि रियासतकार सरदेसाईंचे जिवलग स्नेही म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते स्वतःही प्रेमचंद रायचंद स्कॉलर होते. पदव्या स्वस्त झाल्या, पदव्युत्तर विभागांत नको तितकी माणसं भरली, सगळी सत्ता एका माणसाच्या हाती गेली, असं त्यांचं म्हणणं होतं. आशुतोषांविषयी मनात कितीही आदर असला तरी जदुनाथांचा हा हिशेब खोटा म्हणता येत नाही. शिखर बांधण्यासाठी पायथ्याचे दगड काढले जात होते. पण सरकारने दिलं असतं तर ते काढावे लागले नसते, हेही तितकंच खरं.

१९२२ मध्ये तिजोरीत खडखडाट झाला. पदव्युत्तर शिक्षकांचे पगार थकले. आशुतोष १९२१ पासून पुन्हा कुलगुरू होते. बंगाल सरकारने अडीच लाख देऊ केले, पण कारभारावर सरकारी नियंत्रण मान्य करण्याच्या अटींसह. सिनेटमध्ये आशुतोषांनी तो देकार धुडकावला. एका हातात गुलामी आणि दुसऱ्या हातात पैसा देता, या देण्याची मला किळस येते, असं ते म्हणाले. शिक्षक उपाशी राहतील, पण स्वातंत्र्य विकणार नाहीत, असा त्यांचा पवित्रा. पुढल्या मार्चमध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी पत्र लिहून, सरकारशी जुळवून घेणार असाल तर पुन्हा नेमू, असं सुचवलं. त्याला आशुतोषांनी दिलेलं जळजळीत उत्तर वर्तमानपत्रांत छापून आलं आणि बंगालभर घरोघरी वाचलं गेलं. ते कुलगुरुपदावरून गेले. वर्षाअखेर हायकोर्टातूनही निवृत्त झाले आणि एका मोठ्या दाव्याच्या कामासाठी पाटण्याला गेले असता २५ मे १९२४ रोजी तिथेच वारले. साठ वर्षंही पुरी झाली नव्हती.

पैशाची ही चणचण नुसती हिशेबाची बाब नव्हती. बोस १९२१ मध्येच नव्या ढाका विद्यापीठात गेले, आणि आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये उतरवलेला त्यांचा १९२४ चा निबंध ढाक्याहून गेला. साहांना खैरा प्राध्यापकपद मिळालं खरं, पण प्रयोगांसाठी ना साधनं ना पैसा. १९२३ मध्ये ते अलाहाबादला निघून गेले. ज्यांना विशीत हेरलं, त्यांना तिशीत टिकवता आलं नाही.

रामन राहिले. विद्यापीठाचं पद आणि बहूबाजारातली प्रयोगशाळा अशी त्यांची दुहेरी मांडणी होती. त्यांच्याकडे देशभरातून विद्यार्थी येत. १९२१ मध्ये ऑक्सफर्डला साम्राज्यातल्या विद्यापीठांची परिषद भरली, तिला कलकत्ता विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून ते गेले. हा त्यांचा पहिला परदेशप्रवास. परतताना जहाजावरून भूमध्य समुद्राची निळाई पाहिली, आणि ती आकाशाचं प्रतिबिंब आहे हे लॉर्ड रॅले यांचं स्पष्टीकरण त्यांना पटेना. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे त्यांनी दाखवून दिलं, आणि पुढली सात वर्षं द्रव पदार्थांतून प्रकाश विखुरतो कसा, हाच ध्यास. १९२४ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

शेवटचा प्रयोग आज कुठल्याही कॉलेजात मांडता येईल इतका साधा. सूर्याचा प्रकाश दुर्बिणीच्या सात इंची भिंगाने एकवटायचा, निळ्या-जांभळ्या काचेतून गाळायचा, अतिशुद्ध केलेल्या द्रवातून सोडायचा, आणि बाजूने बाहेर पडणारा मंद उजेड दुसऱ्या रंगाच्या काचेतून पाहायचा. पहिली काच जो रंग जाऊ देते, तो दुसरी अडवते. म्हणजे काही दिसायला नको. तरी दिसत होतं. करिअमाणिक्कम् श्रीनिवास कृष्णन यांनी एकामागून एक कितीतरी द्रव तपासले, प्रत्येकात तेच. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी वर्णपटदर्शकातून नव्या रेषा स्पष्ट दिसल्या. निबंध ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला, म्हणजे रामन यांनीच दोन वर्षांपूर्वी सुरू केलेल्या नियतकालिकात. साहांच्या निबंधासारखा तो दुर्लक्षित राहू नये म्हणून त्याच्या प्रती परदेशांतल्या शास्त्रज्ञांकडे तातडीने पाठवल्या गेल्या. ‘नेचर’मध्येही टिपण आलं. त्याच वर्षाअखेरीस म्युनिकचे आर्नोल्ड सोमरफेल्ड कलकत्त्यात आले. तरंग यांत्रिकीवरची त्यांची व्याख्यानं कलकत्ता विद्यापीठाने छापली. साहा-बोस ज्या देशाची पुस्तकं उसनी आणून वाचत होते, त्या देशाचा पहिल्या फळीतला भौतिकशास्त्रज्ञ आता इथे येऊन शिकवत होता. १९३० मध्ये रामन यांना नोबेल मिळालं. प्रयोग बहूबाजारातल्या महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेत झाला, विद्यापीठाच्या इमारतीत नव्हे. पण नोकरीतून त्यांना मोकळं करून पूर्ण वेळ विज्ञान करू दिलं ते पालितांच्या देणगीने आणि आशुतोषांच्या हट्टाने.

१९३३ मध्ये रामनही बंगळूरला गेले. विद्यापीठाची झळाळी एकदम ओसरली नाही. देवेंद्रमोहन बोस आणि नंतर १९३८ मध्ये परतलेले साहा यांनी राजाबाजारातलं काम पुढे चालवलं. पण गेलेल्या प्रत्येकाने नव्या गावी कलकत्त्याचीच रीत रुजवली. सगळ्यांत उशिरा निघाले ते आघारकर. निवृत्त होऊन १९४६ मध्ये ते पुण्याला आले आणि महेंद्रलाल सरकारांच्या संस्थेचाच आदर्श समोर ठेवून त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. लॉ कॉलेजच्या आवारातल्या उसन्या जागेत काम सुरू झालं. १९६० मध्ये वारले तोवर ते तिचे बिनपगारी संचालक होते. आज ती त्यांच्याच नावाने, आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, आणि लॉ कॉलेज रस्त्याजवळच्या तिच्या प्रयोगशाळांमध्ये गव्हाच्या आणि सोयाबीनच्या नव्या जाती तयार होतात.